फायर डोअर: आपोआप बंद व्हायला हवं आणि आजींनाही उघडता यायला हवं, हे कसं जमवायचं?



लिफ्टची वाट बघताना शेजारी जिन्याकडे जाणारं एक जड दार तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. बहुतेक बिल्डिंगमध्ये ते उघडंच असतं. खाली वीट, तुळशीची कुंडी किंवा चपलांचा रॅक लावलेला. काही ठिकाणी तर चक्क आग विझवायचा लाल सिलिंडरच दाराला टेकवून ठेवलेला असतो.

हे दार म्हणजे फायर डोअर. दिसायला साधं असलं तरी त्याच्या आत बरंच इंजिनिअरिंग आहे. आणि एक अवघड प्रश्नही आहे: जे दार जोरात बंद होतं ते उघडायलाही जड जातं. मग वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी, व्हीलचेअरवरचा मित्र, कडेवर बाळ असलेली आई यांनी काय करायचं?

या लेखात आपण बघू की हे दार काम कसं करतं, ते उघडं राहिलं तर काय होतं, ते सगळ्यांना वापरता येईल असं कसं करायचं, आणि हातातल्या मोबाइलने त्याची तपासणी कशी करायची.

फायर डोअर आणि फायर एक्झिट एकच का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

फायर एक्झिट म्हणजे बाहेर पडायची वाट. तिथलं दार आतून किल्लीशिवाय, पटकन उघडलं पाहिजे.

फायर डोअर म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार. ते वापरून झालं की आपोआप बंद झालं पाहिजे.

जिन्याचं दार बऱ्याचदा या दोन्ही भूमिका करतं. म्हणजे त्याची अवस्था कायम "बंद, पण कुलूपबंद नाही" अशी हवी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दाराच्या आत काय काय असतं?

१. फळी आणि चौकट: स्टीलची किंवा खास लाकडाची. दार किती वेळ आग रोखून धरेल यावर त्याचं रेटिंग ठरतं, उदाहरणार्थ ३०, ६० किंवा १२० मिनिटं. भट्टीत जी चाचणी होते ती चौकट, बिजागऱ्या, लॅच यांच्यासकट अख्ख्या दाराची होते. म्हणून नंतर बाजारातून आणलेली कुठलीही बिजागरी लावून चालत नाही.

२. फुगणारी पट्टी: दाराच्या किंवा चौकटीच्या कडेला एक पातळ पट्टी असते. तापमान साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की ती फुगते आणि फट बुजवते. पण धूर त्याच्या खूप आधी येतो, आणि तो थंडही असू शकतो. त्यासाठी ब्रशसारखं किंवा रबरी वेगळं सील लागतं.

३. डोअर क्लोजर: वरच्या बाजूला असलेला लांबट डबा आणि त्याचा हात. आत स्प्रिंग आणि तेल असतं. तुम्ही दार ढकलता तेव्हा स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे तुमचीच ताकद तिथे साठते. दार सोडलं की स्प्रिंग ते परत ओढते. तेल बारीक छिद्रांतून वाहतं म्हणून दार धाडकन न आपटता हळू येतं. या छिद्रांवर छोटे स्क्रू असतात. सहसा एक स्क्रू दार किती वेगाने येईल ते ठरवतो, आणि दुसरा शेवटच्या टप्प्यात लॅच लागण्यासाठी किती जोर मिळेल ते.

४. लॅच: दार चौकटीत अडकवणारी जीभ. ती नसेल किंवा टेप लावून दाबून ठेवली असेल, तर आगीच्या दाबाने दार उघडू शकतं.

दार उघडं राहिलं तर काय होतं?

९ जानेवारी २०२२. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागातली १९ मजली इमारत. खालच्या मजल्यावरच्या एका घरात इलेक्ट्रिक हीटरमुळे आग लागली. आग मुख्यतः ते घर आणि त्याबाहेरचा पॅसेज एवढ्यापुरतीच राहिली. तरी १७ जण गेले. त्यात ८ मुलं होती. सगळे धुराने गुदमरून गेले.

कारण त्या घराचं दार लोक बाहेर पळाल्यावर आपोआप बंद झालं नाही. १५व्या मजल्यावर जिन्याचं दारही उघडं राहिलं. जिना चिमणीसारखा झाला आणि धूर खालून थेट वर गेला. आगीपासून कितीतरी मजले लांब असलेली माणसं त्यात सापडली.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ जणांचा बळी गेला. तिथलं मुख्य कारण बाहेरच्या भिंतीवरचं ज्वलनशील आवरण होतं. पण चौकशीच्या पहिल्या अहवालात दारांवरही बोट ठेवलं गेलं: अनेक फ्लॅटच्या दारांना आपोआप बंद करणारी यंत्रणा नव्हती किंवा ती चालत नव्हती, त्यामुळे धूर कॉमन पॅसेजमध्ये पसरला. त्यानंतर इंग्लंडमध्ये नियम आला. २३ जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत कॉमन जागेतल्या फायर डोअरची दर तीन महिन्यांनी तपासणी सक्तीची आहे.

आणि दार उघडलंच नाही तर?

ही दुसरी बाजूही तितकीच भयंकर आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या संडरलंड गावात व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी कार्यक्रम होता. आग वगैरे काही लागली नव्हती. खाली बक्षिसं वाटतायत म्हणून गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. जिन्याखालचं दार आत उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून ते बोल्टने अडकवलेलं होतं. चेंगराचेंगरीत १८३ मुलं गेली.

या घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आतून नुसतं अंगाने ढकललं तरी उघडेल असा बोल्ट तयार केला आणि १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मल्टिप्लेक्समध्ये दाराला आडवी दांडी असते ना, ती "पॅनिक बार" याच कल्पनेतून आली. कडी शोधायची नाही, मूठ फिरवायची नाही, अंगाचा भार टाकला की दार उघडं. गर्दीसाठी बनवलेली ही वस्तू संधिवात असलेल्या हातांनाही तितकीच उपयोगी आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ जण गुदमरून गेले. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटेवर जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या आणि दार बंद होतं.

थोडक्यात, उघडं राहिलेलं दार धुराला वाट देतं आणि न उघडणारं दार माणसांना कोंडतं.

मग लोक वीट का लावतात?

"लोकांना अक्कलच नाही," असं म्हणून मोकळं होता येतं. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे वापरणारे लोक सतत एखादी पळवाट काढत असतील तर आधी आमचं डिझाइन तपासतात. विटेकडेही तसंच बघायला हवं.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वॉकर घेऊन चालतात. फायर डोअरखालची वीट मी काढायला गेलो, तर म्हणाल्या, "बाळा, राहू दे रे ती. दोन्ही हात वॉकरला असतात. दार ढकलू कशाने?"

बरोबरच आहे त्यांचं. मी बॅगा तोलायचा हुकवाला काटा आणला, हँडलला अडकवला आणि दार ओढून बघितलं. साडेसहा किलो! म्हणजे दर वेळी साडेसहा किलोचं वजन एका हाताने ओढत राहायचं, आणि दुसऱ्या हाताने वॉकर सांभाळायचा.

किती जोर चालतो?

ब्रिटनच्या बांधकाम नियमांत (अप्रूव्हड डॉक्युमेंट एम) सगळ्यांना वापरता येण्याजोग्या दारासाठी आकडा दिला आहे: बंद स्थितीपासून ३० अंशांपर्यंत उघडताना जास्तीत जास्त ३० न्यूटन, आणि ३० ते ६० अंशांपर्यंत २२.५ न्यूटन. लगेज काट्यावर ३० न्यूटन म्हणजे साधारण ३ किलो. अमेरिकेत आतल्या साध्या दारांसाठी ५ पाउंड, म्हणजे सुमारे २.३ किलो इतकी मर्यादा आहे, पण फायर डोअरला त्यातून सूट दिली आहे. सूट का, ते आता गणिताने बघू.

युरोपीय मानकात (ईएन ११५४) क्लोजरच्या ताकदीचे १ ते ७ असे आकार आहेत. फायर डोअरला किमान आकार ३ लागतो. आकार ३ म्हणजे दार बंद होत आलं असताना किमान १८ न्यूटन-मीटरचा पीळ, ज्याला आपण शाळेत टॉर्क शिकलो. आता हँडल बिजागरीपासून ०.८५ मीटरवर आहे असं धरू.

उघडताना ३० न्यूटनची मर्यादा पाळायची तर टॉर्क ३० × ०.८५ = २५.५ न्यूटन-मीटरच्या आत हवा.
बंद होताना तो १८ च्या वर हवा.

म्हणजे तुम्ही घातलेल्या ताकदीतली किमान ७० टक्के ताकद क्लोजरने परत दिली पाहिजे. गंजलेली बिजागरी, घासणारी फळी, दाटलेलं तेल यांत ती वाया जाते. मग दार लॅच होत नाही. मग कोणीतरी क्लोजरची स्प्रिंग आणखी आवळतो. मग दार आणखी जड होतं. मग वीट येते. हे चक्र बहुतेक बिल्डिंगमध्ये दिसेल.

उंच इमारतींत यात आणखी भर पडते. आग लागली की जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्याने हवेचा दाब वाढवतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (एनबीसी २०१६) हा दाब ५० पास्कल धरला आहे. १ मीटर रुंद, २ मीटर उंच दारावर ५० पास्कल म्हणजे एकूण १०० न्यूटन. तो सगळ्या फळीवर पसरलेला असतो, म्हणून हँडलपाशी साधारण ५० न्यूटन जाणवतात. दार जिन्याच्या दिशेने उघडत असेल तर ऐन आगीत ५ किलो जादा ढकलायचे! म्हणून ड्रिलच्या दिवशी पंखे चालू करूनच दार ढकलून बघायला सांगा.

उपाय: स्वस्तापासून महागापर्यंत

१. आधी डागडुजी. बिजागऱ्यांना तेल-ग्रीस, सैल स्क्रू घट्ट, फळी घासत असेल तर ती सरळ करणं, क्लोजरचं योग्य सेटिंग. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. स्क्रू जास्त सैल केला तर तेल गळतं आणि क्लोजर कायमचा निकामी होतो. आमच्या दाराचे साडेसहा किलो एवढ्यानेच चारच्या खाली आले.

२. हँडल बदला. गोल मुठीऐवजी लिव्हर हँडल. कोपराने दाबलं तरी उघडतं. रंगही दाराहून वेगळा घ्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना पटकन सापडतं. फक्त ते त्या फायर डोअरच्या प्रमाणपत्रात बसणारं हवं.

३. चांगल्या रचनेचा क्लोजर. कॅम पद्धतीच्या क्लोजरमध्ये दार थोडं उघडलं की पुढचा जोर झपकन कमी होतो. काही क्लोजरमध्ये उशिरा बंद होण्याची सोय असते. दार काही सेकंद थांबतं आणि मग बंद व्हायला लागतं. वॉकर किंवा व्हीलचेअर आरामात पार होते.

४. विजेचं चुंबक. भिंतीवर चुंबक, दारावर लोखंडी चकती. एरवी दार सताड उघडं. फायर अलार्म वाजला की चुंबकाची वीज बंद होते आणि क्लोजर दार ओढून घेतो. विटेचं काम हेच करतं, फरक इतकाच की याला अलार्म कळतो. लॉबी, अभ्यासिका, मंगल कार्यालय अशा सतत ये-जा असलेल्या जागी हे उत्तम.

५. फ्री-स्विंग क्लोजर. एरवी दार साध्या दारासारखं हलकं. हवं तिथे उघडं ठेवा, हवं तर बंद करा. अलार्म वाजला की क्लोजर जागा होतो आणि दार बंद करतो. वृद्धाश्रमातल्या खोल्यांसाठी उपयोगी.

६. आवाज ऐकणारं उपकरण. दाराच्या खालच्या बाजूला बसणारं, बॅटरीवर चालणारं. एक खुंटी जमिनीवर दाबून दार धरून ठेवते आणि अलार्मचा आवाज ऐकला की वर उचलली जाते. वायरिंग लागत नाही, म्हणून जुन्या इमारतीत सोपं. पण त्याला अलार्म नीट ऐकू आला पाहिजे. ब्रिटिश पद्धतीत अलार्म साधारण ६५ डेसिबल तरी ऐकू यावा असं धरतात. ज्या इमारतीत जिना एकच आहे तिथे जिन्याच्या दाराला असं आवाजाच्या भरवशावरचं उपकरण लावू नका.

७. बटणाने उघडणारं दार. छोटी मोटर दार हळू उघडते. व्हीलचेअरसाठी सगळ्यात सोयीचं आणि सगळ्यात महाग. अलार्मच्या वेळी मोटर बाजूला होऊन दार बंद झालं पाहिजे आणि हाताने उघडता आलं पाहिजे.

आमच्या सोसायटीत डागडुजीनंतरही आकडा ३ किलोच्या वरच होता, म्हणून त्या मजल्यावर चुंबक बसवलं. वीट आता पार्किंगमध्ये आहे.

वीज गेली तर? फेल-सेफचा नियम

सेफ्टीच्या कुठल्याही यंत्राला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तू बंद पडलास तर काय होईल?

दार धरून ठेवणाऱ्या उपकरणाचं लॉजिक असं हवं:

जर अलार्म वाजला
किंवा वीज गेली
किंवा वायर तुटली
किंवा बॅटरी संपत आली
किंवा कोणी हाताने सोडायचं बटण दाबलं
तर दार सोड.

लक्षात घ्या, "दार बंद कर" असा संदेश इथे कुठेच पाठवावा लागत नाही. उलट दार उघडं ठेवायला सतत वीज लागते. वीज थांबली की दार बंद. संदेश पोचलाच नाही तर काय, ही भीतीच राहत नाही.

आता कार्ड किंवा बोटाचा ठसा लागणारी चुंबकी कुलपं घ्या. तिथेही वीज गेली की कुलूप सुटलं पाहिजे. म्हणजे एकाच क्षणी धरून ठेवणारं चुंबक दार सोडतं आणि कुलपाचं चुंबकही दार सोडतं. निकाल काय? दार बंद, पण कुलूपबंद नाही. सुरुवातीला म्हटलं होतं तेच.

आपल्याकडे वीज वारंवार जाते. दर वेळी दार बंद होतं, लोक वैतागतात आणि वीट परत येते. म्हणून थोड्या वेळाच्या बॅटरी बॅकअपचा विचार आधीच करा. तो अलार्म पॅनेल बसवणाऱ्याशी बोलूनच घ्या, कारण अलार्म आला की बॅकअप असला तरी दार सुटलं पाहिजे.

स्मार्ट प्लग आणि ॲपने हे करता येईल का?

हा प्रश्न मला मित्रांनी विचारलाय. वायफायचा स्मार्ट प्लग, त्याला चुंबक, मोबाइलवरून ऑन-ऑफ. करू नका.

वायफाय बंद, राउटर अडकलेला, सर्व्हर डाउन, ॲप अपडेट मागतंय, यातलं काहीही ऐन वेळी होऊ शकतं. दार सोडण्याची वाट अलार्म पॅनेलपासून चुंबकापर्यंत सरळ वायरने हवी. मध्ये इंटरनेट नको.

पण नजर ठेवायला मात्र स्मार्ट गोष्टी झकास. खिडकी-दारासाठी मिळणारा छोटा सेन्सर चिकटवा. दार ५ मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर वॉचमन काकांच्या किंवा सेक्रेटरींच्या मोबाइलवर नोटिफिकेशन. तो बंद पडला तरी दाराचं काम चालूच राहतं. फक्त चिकटवाच. फायर डोअरला ड्रिलने भोक पाडलं की त्याचं प्रमाणपत्र धोक्यात येतं.

मोबाइलने १० मिनिटांत तपासणी

१. टॉर्च: दार बंद करा. एकाने पलीकडून कडेने टॉर्च फिरवायची, दुसऱ्याने अलीकडून बघायचं. कुठे प्रकाश दिसतो तिथे धुराला वाट आहे.

२. एटीएम कार्ड: एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. चार कार्डं एकत्र म्हणजे ३ मिलिमीटर. बाजूची आणि वरची फट साधारण २ ते ४ मिलिमीटर असावी. सहा कार्डं आरामात जात असतील तर फट जास्त आहे.

३. स्टॉपवॉच: दार ९० अंशांत उघडून सोडा. अमेरिकेच्या नियमांत ९० अंशांपासून बंद व्हायला १२ अंश उरेपर्यंत किमान ५ सेकंद लागावेत असं म्हटलंय, म्हणजे हळू चालणाऱ्याला धक्का बसत नाही.

४. तीनदा सोडून बघा: पूर्ण उघडून, अर्धं उघडून आणि फक्त वीतभर उघडून. तिन्ही वेळा लॅचचा "खट" आवाज आलाच पाहिजे. वीतभरची परीक्षा सगळ्यात कठीण असते. बरीच दारं तिथेच नापास होतात.

५. स्लो-मोशन व्हिडिओ: दार शेवटी उसळी मारतंय का, फळी कुठे घासतेय का, ते यात साफ दिसतं.

६. लेव्हल ॲप: फोन फळीच्या कडेला धरा. दार तिरकं लोंबत असेल तर वरची बिजागरी सैल आहे.

७. लगेज काटा: हँडलला अडकवून काटकोनात ओढा. दार ढकलायचं असेल तर पलीकडच्या बाजूने ओढून मोजा. लॅच आधी मोकळा करा. ३ किलोच्या आत आलं तर छान.

८. टेप: दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी मोजा. व्हीलचेअरसाठी ९०० मिलिमीटर हवी. एनबीसीप्रमाणे बाहेर पडायचं दार किमान १००० मिलिमीटर रुंद असावं, आणि सभागृहासारख्या जागी २००० मिलिमीटर.

९. फोटो: क्लोजरखाली तेलाचा डाग, सुटलेली पट्टी, टेप लावलेला लॅच, फुटकी काच. तारखेसकट फोटो काढून ठेवा.

हे सांगायचं कोणाला?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे सोसायटीत कमिटीची. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र द्यावं लागतं. यालाच "फॉर्म बी" म्हणतात. तर कमिटीच्या काकांना एवढंच विचारा: "काका, या वेळचा फॉर्म बी झाला का? आणि त्यात दारं बघितली का?" पंप आणि सिलिंडर सगळे तपासतात, दार राहून जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येण्याजोग्या करणं ही कायद्याचीच मागणी आहे. त्यामुळे समाजमंदिर, वाचनालय, नाट्यगृह इथे "दार जड आहे" ही तक्रार लेखी द्यायला लाजू नका.

नेहमीचे प्रश्न

फायर डोअर कायम उघडं ठेवायचंच असेल तर?
अलार्मला जोडलेलं उपकरण लावा. वीट, खुंटी, दोरी चालणार नाही.

अलार्मच नसलेल्या जुन्या इमारतीत?
मग धरून ठेवणारं कुठलंच उपकरण चालणार नाही, कारण सोडायला सांगणार कोण? आधी अलार्म.

लॉबीचं दार बंद झालं तर व्हीलचेअरवरचा माणूस अडकणार नाही का?
दार बंद झालं तरी ते हाताने उघडलंच पाहिजे. शिवाय २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत आसऱ्याची जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया असते. कोणाला मदत लागेल आणि ती कोण करणार, याची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये हवी. आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे तर माहीतच आहे.

चुंबक चालतंय की नाही हे कसं कळणार?
दर आठवड्याला ठरलेल्या वारी अलार्मची चाचणी घ्या. दोघांनी मजले वाटून घ्यायचे आणि प्रत्येक दार सुटून लॅच होतंय का बघायचं. रोज रात्री कॉमन लॉबीची दारं हाताने सोडून बंद केली तर आणखी चांगलं.

आग दिसली तर?
खोलीतून बाहेर पडताना दार ओढून घ्या, अलार्म वाजवा, जिन्याने उतरा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. फायर डोअर नसलं तरी बंद केलेलं साधं दारसुद्धा धुराला थोडा वेळ थोपवतं.

आता हा लेख वाचून झाला की एक काम करा. आपल्या मजल्यावरच्या दारापाशी जा, ते वीतभर उघडा आणि सोडून द्या. "खट" आवाज आला का? आला नाही तर वरच्या यादीप्रमाणे फोटो काढा आणि आजच सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि दाराखाली वीट असेल तर ती काढण्याआधी शेजारी विचारा, ती कोणासाठी ठेवली आहे. दाराचं नेमकं काय दुखतंय हे त्या माणसालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं.